विचारण्याचा हिवाळा

दिवाळी सरून कार्तिकातली थंडी पडायला लागली, की एखाद्या सकाळी कुठून तरी भाजलेल्या चिंचोक्यांचा वास येतो आणि मी चालता चालता थांबतो. हल्ली हा वास फारसा येत नाही. मी आता मलकापुरात राहतो. इथल्या थंडीला उसाच्या गाड्यांचा, चिपाडाच्या धुराचा आणि काहिलीतल्या रसाचा वास असतो. चांगला वास आहे, माझी तक्रार नाही. पण तो माझा हिवाळा नव्हे. माझा हिवाळा चिंचोक्यांचा, ओल्या लोकरीचा, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडले की घोट्यांना लागणाऱ्या गार मातीचा.

आम्ही सनगर. घोंगडी विणणारे. म्हसवडहून बैलगाडीनं सकाळी निघावं आणि दुपारच्या भाकरीला घरी पोहोचावं, एवढ्यावर आमचं गाव. पावसाचा तिथं भरवसा नाही, म्हणून शेतीवर कुणाची भिस्त नाही. मेंढरं, लोकर आणि माग, एवढ्यावर आळी जगायची. धनगरांच्या बायका लोकर कातून आणून द्यायच्या. आई त्या धाग्याचा ताणा लावायची, म्हणजे घोंगड्याचे उभे धागे मांडायची. त्या ताण्याला चिंचोक्याची खळ लागायची, ती वाळली की ताणा मागावर चढायचा. चिंचोके भाजायचे, सोलायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. खळ शिजत आली की तिचा बुडबुडा फुटताना 'फक' असा आवाज यायचा. मला तो आवाज अजून येतो. रेडिओवर गाणं चालू असतानाही येतो.

त्या आळीतला पहिला बी.ए. मी. हे मी सांगतो तेव्हा काहींना बढाई वाटते. वाटू दे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या आहेत त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते परवडतं. माझ्या आईनं माझ्या पदवीच्या कागदाला हळदकुंकू लावलं तेव्हा तो कागद उलटा धरला होता, आणि तरीही सगळ्या आळीत तो तिनंच फिरवून दाखवला होता. त्या उलट्या धरलेल्या कागदाचा मला अभिमान आहे. सुलटा असता तर एवढा वाटला नसता.

मी बी.ए. होऊन सांगलीहून परत आलो तो दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरचा हिवाळा होता. पलटणीतून सुटलेली माणसं गावोगाव परतत होती आणि त्यांच्यामागून पलटणीची ब्लँकेटंही आली होती. भुरी, मऊ, स्वस्त. बाजारात ढीग लागायचे. कराडचे व्यापारी ती थेट आमच्या दहिवडीच्या बाजारापर्यंत घेऊन यायचे. घोंगड्याशेजारी ब्लँकेट ठेवलं, की गिऱ्हाईक दोन्हीवर हात फिरवायचं आणि ब्लँकेटवर तो जरा जास्त वेळ राहायचा. वडील, म्हणजे आमचे आबा, हे बघायचे आणि घोंगड्याची घडी पुन्हा घालायचे.

घरात दोन माग. एक आबांचा, एक धाकट्या भावाचा, नामाचा. आबांचा उजवा खांदा धरला होता. आडव्या धाग्याचा धोटा हातानं फेकताना ते ओठ दाताखाली धरत. खरं विणकाम नामा करायचा. अंगानं दांडगा, तोंडानं फटकळ. चुलतबहिणीचे मालक सोलापुरात गिरणीत होते. त्या दाजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, जागा आहे, ये. एका सकाळी भाकरी खाता खाता नामानं सगळ्यांना सांगून टाकलं,

"म्हसवडच्या यात्रेपतोर थांबतो. यात्रेत माल उठला तर बरं. न्हाई उठला तर मी सोलापूरला निघालो. मला मागं वडायचं न्हाई."

आईनं भाकरी थापणं थांबवलं, आणि पुन्हा थापायला लागली. नामा गेला की दोन्ही खड्डे बुजवायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबांच्या खांद्यावर एक मागही फार दिवस चालला नसता. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलायस. बग काय सुदारता येतंय का."

आणि मी उत्साहानं निघालो. पण त्याआधी आमच्या आळीची एक रीत सांगितली पाहिजे.

आमच्याकडे सल्ला मागणं ही साधी गोष्ट नव्हती. जाणत्या माणसाकडे जायचं तर नारळ घेऊन जायचं. त्यानं सांगितलं की ते करायचं. विचारून केलं नाही, तर त्या माणसाला चारचौघांत खोटं पाडल्यासारखं व्हायचं, पंगतीला बोलावून पानावरून उठवल्यासारखं. त्यामुळं आळीतली माणसं सहसा कुणाला काही विचारतच नसत. मागाची दोरी सारखी सुटत असली तरी शेजाऱ्याला गाठ विचारणार नाहीत. कारण विचारली की तीच मारावी लागणार.

कॉलेजात मी याच्या अगदी उलट शिकलो होतो. तिथं विचारणं फुकट होतं. प्राध्यापकांना विचारावं, पुस्तकात बघावं, दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जावं, आणि शेवटी उत्तरपत्रिकेत आपल्याला वाटेल ते लिहावं. त्याचे मार्क मिळत. सांगलीतल्या त्या वर्षांत माझ्यावर कशाचा पगडा बसला असेल तर या मोकळ्या विचारण्याचा. नदीकाठच्या घाटावर संध्याकाळी आम्ही पोरं बसायचो आणि कशावरही कुणालाही विचारायचो. पाणी संथ असायचं. प्रश्न विचारला म्हणून कुणी कुणाच्या बांधिलकीत जात नसे. मला आजही तीच रीत बरोबर वाटते. फक्त मी ती रीत नारळ घेऊन वापरली, तिथं घोटाळा झाला.

पहिला नारळ हुसेनभाईंना. सांगलीत पेठेत त्यांचं सतरंज्या-जाजमांचं दुकान होतं आणि विद्यार्थी असताना मी समोरच्याच माडीवर राहायचो. गुंडाळलेल्या जाजमावर बसून ते माझं घोंगडं उलटसुलट बघत राहिले. मग गालाला लावलं आणि गाल चोळला.

"महादेवराव, माल खरा हाय. पर आमच्या गिऱ्हाइकाला टोचतो. हितं मऊ लागतंय. ती खळ सोडा, कोकराची लोकर घ्या, बारीक कातून घ्या. बगा, मी विकणारा माणूस. विणायचं मला काय कळत न्हाई. पर दुकानात येणारं गिऱ्हाईक काय म्हणतंय, त्ये मला रोज ऐकू येतं."

चहा पाजला, नारळ घेतला, आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले.

दुसरा नारळ लेले मास्तरांना. साताऱ्याला विणकामाच्या शाळेत ते शिकवायचे. उंच, किडकिडीत, बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला जागा न ठेवणारे. "हातानं धोटा फेकता? अजून? अहो, मागाला दोन्ही बाजूंनी पेट्या बसवा, वरून दोरी सोडा. दोरी ओढली की धोटा आपोआप पळतो. खांद्याला त्रास नाही. काम दुप्पट!" आबांचा खांदा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मी भारावून गेलो. त्यांनी शाळेतल्या जुन्या पेट्याही बरोबर दिल्या. सर्व्हिस मोटारीच्या टपावर बांधून मी त्या दिमाखात आणल्या.

तिसरा नारळ मी नेला नाही, आईनं माझ्या हातात दिला. म्हसवडचे गणूमामा हे तिचे मावसभाऊ. त्यांच्या घोंगड्यांचं नाव पार आटपाडीपर्यंत होतं. "त्यास्नी न्हाई इचारलंस तर रुसतील," ती म्हणाली. मामांनी नारळ वाजवून बघितला, बाजूला ठेवला, आणि मी काय विचारणार ते न ऐकताच सांगायला सुरुवात केली. "घोंगडं भुईला ठेवलं तर उबं ऱ्हायलं पायजे. बसलं की त्ये घोंगडं न्हवं, त्ये फडकं. खळ दुप्पट घाल. लोकर जाड घाल. आनि शिकल्याल्या मानसानं ह्यात लय नाक खुपसू नगं." त्यानंतर त्यांनी माझ्या लग्नाविषयी, हिवतापावरच्या औषधाविषयी, सोलापूरच्या पाण्याविषयी आणि इंग्रज केव्हा जाणार याविषयीही सांगितलं. सगळं त्याच आवाजात.

मी घरी आलो. आबा मागावर होते.

"तिघास्नी इचारलंस?"

"होय."

"नारळ दिलास?"

"दिला."

"तिघास्नी?"

"होय आबा."

आबांनी धोटा मांडीवर ठेवला. "मंग आता तिघांचं कराय पायजे."

"आबा, ते एकमेकांच्या उलट आहे. एक म्हणतो खळ नको, एक म्हणतो दुप्पट."

"त्ये इचारायच्या आदी बगायचं."

नामा त्याच्या खड्ड्यात बसल्या बसल्या गदगदा हसत होता. "आवं आबा, बी.ए. झालाय त्यो. बिनखळीची दुप्पट खळ कशी करायची, त्ये पुस्तकात असंल की!"

आबांचा स्वभाव असा, की माणूस खोटा पडू नये म्हणून ते वाट्टेल ते करतील. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिघांचाही मान राखणारं एक घोंगडं विणायचं ठरवलं. ताण्याच्या मधोमध खूण केली. एका अंगाला गणूमामांची दुप्पट खळ, दुसरं अंग हुसेनभाईंसाठी कोरडं. आणि विणायचं लेले मास्तरांच्या पेटीवर. मी त्यांना अडवू शकलो असतो. पण ते इतक्या गंभीरपणानं खळीचा कुंचा हातात धरून उभे होते, की देवाच्या कामात बोलल्यासारखं झालं असतं.

ते घोंगडं मी जन्मात विसरणार नाही. खळीचं अंग ताठ, कोरडं अंग सैल, त्यामुळं ताणा एका बाजूला ओढायचा नि दुसऱ्या बाजूला झोळ सोडायचा. दोरी ओढली की धोटा ताठ बाजूनं सुसाट यायचा आणि कोरड्या बाजूच्या सुटलेल्या केसांत जाऊन अडकायचा. आडवा धागा तुटायचा. जोडला की पुन्हा तुटायचा. नामानं त्या धोट्याला, पेटीला, मला आणि सांगली-सातारा या दोन्ही गावांना शिव्या घातल्या. आठवडा त्यात गेला. उतरलं तेव्हा ते कोयत्यासारखं वाकडं होतं. नामानं अंगणात ते पसरलं आणि बाजूला उभा राहून म्हणाला, "एकीकडनं पत्रा, एकीकडनं मांजर."

आई हसली. आबाही शेवटी हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी आभाळाकडे बघितलं, आणि मला कळलं की ते यात्रेचे दिवस मोजतायत.

परवा इथं मलकापुरात आमच्या गल्लीतला एक तरुण माझ्याकडे आला. खानावळ चालवतो. चुलता सांगतो जागा बदल, मित्र सांगतो रोजचा स्वयंपाक बदल, कराडचा एक एजंट सांगतो नवी शेगडी घे. "काका, तुम्ही शिकलेले. कुणाचं ऐकू?" मी त्याला एवढंच सांगितलं, की त्या प्रत्येकाला जाऊन विचार, माझ्या खानावळीतलं तुम्हाला काय कळत नाही? आणि उत्तर देताना तो किती वेळ घेतो ते बघ. जो आपल्याला न कळणाऱ्या दोन गोष्टी चटकन सांगेल, त्याच्याजवळ बसून बाकीचं नीट ऐकून घे. तो पोरगा जरा नाराज झाला. त्याला एखादं नाव हवं होतं. मलाही त्या हिवाळ्यात एक नावच हवं होतं.

ते मला सुचलं कसं, तर लेले मास्तरांमुळं. त्या वाकड्या घोंगड्यानंतर दहिवडीकडे कुठं तरी शाळेच्या कामानं त्यांची फेरी होती. दुपारी, सावल्या अजून आखूड असताना, ते सायकल हातात धरून आळीत आले. रस्ता असा, की सायकलच त्यांच्या अंगावर बसून आली असावी. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि सरळ नामाच्या मागाच्या खड्ड्यात उतरले. दोरी ओढली. धागा तुटला. जोडला. ओढली. तुटला. आळीतली माणसं दारात जमली. मास्तरांनी धागा तोडून घेतला, पीळ उलगडला, उजेडात धरला. पुन्हा उलगडला.

मग वर बघून ते आबांना म्हणाले, "मालक, हे मला येत नाही."

आबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी जन्मभर सुतात काम केलं. लोकरीचा हा धागा असा झटका सोसणार नाही. मला आधी विचारायला हवं होतं, धागा कसला आहे. ह्या पेट्या काढून टाका. माझा शब्द मी परत घेतो. नारळ मात्र आम्ही खाल्ला, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

आळीत कुणी जाणत्यानं शब्द परत घेतल्याचं आबांनी कधी पाहिलं नव्हतं. ते उठले आणि त्यांनी आपल्या हातानं मास्तरांना पाणी आणून दिलं.

पाणी पिता पिता मास्तरांचं लक्ष बाहेर गेलं. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि आई हातात धाग्याचा गुंडा घेऊन ताणा लावत होती. या टोकाला वळसा, त्या टोकाला वळसा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हे चालत होती. तिच्या पायांनी आळीच्या मातीत एक गुळगुळीत वाट पडली होती. पावसाळ्यात त्या वाटेत पाणी साचायचं आणि आम्ही पोरं त्यात होड्या सोडायचो. ती वाट म्हणजे आईचं काम आहे, हे मला, बी.ए. झालेल्या माणसाला, कधी दिसलंच नव्हतं. ती वाट आमच्यासाठी नुसती वाट होती. ताणा तयार होईपर्यंत दोन्ही माग रिकामे बसत, तेही आम्हाला दिसत नव्हतं. आम्ही त्या वेळेला विसावा म्हणायचो.

"बाई, असं किती चालता तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"आता काय सांगू? दळाय बसल्यावर फेरं मोजतंय व्हय कुणी?"

मास्तर उठून बाहेर गेले. काठी घेऊन धुळीत त्यांनी एक मोठा पिंजरा काढला. माणसाच्या उंचीचा, उभ्या आसावर फिरणारा. "ह्यात मी बोलतो. हे माझं आहे. सूत असो, लोकर असो, ताणा गुंडाळायला फरक पडत नाही. तुम्ही एका जागी उभ्या राहायचं. हा फिरेल, तुम्ही नाही."

आई त्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आनि मी चालले न्हाई तर माजं पाय काय म्हनतील?" पण तिचे डोळे रेघांवरून हलत नव्हते.

सुतारानं बाभळीचा तो पिंजरा यात्रेच्या आधी पुरा केला. पहिल्यांदा फिरवला तेव्हा तो इतका कुरकुरला, की शेजारची म्हैस दावं तोडून उठली. तेल घातल्यावर गप्प झाला. आईनं एका जागी उभं राहून ताणा गुंडाळला, आणि तो पुरा झाला तरी अजून दुपार बाकी होती. तिला काय करावं कळेना. ती उंबऱ्यात बसली आणि बराच वेळ नुसतीच रस्त्याकडे बघत राहिली. आईला अशी नुसती बसलेली मी त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही.

मास्तर गेल्यावर आबांच्या डोक्यात एक गोष्ट घुसली होती. त्यांनी मला बोलावलं. "त्यो सांगलीचा काय म्हनाला? जसंच्या तसं सांग." मी हुसेनभाईंचं बोलणं पुन्हा म्हटलं. विणायचं मला कळत नाही, इथपर्यंत आलो आणि आबांनी हात वर केला. "थांब. म्हंजे त्यो त्येच्या गिऱ्हाइकापुरतं बोललाय. आपल्या धनगरांचं त्यानं काय सांगितल्यालंच न्हाई."

मी ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. चहाबरोबर ऐकलं आणि चहाबरोबर संपवलं. मग आम्ही दोघांनी बसून वाटणी केली. कोकराच्या मऊ लोकरीची, जेमतेम खळीवर विणलेली लहान आसनं सांगलीसाठी. यात्रेला नेहमीचं घोंगडं, नेहमीच्या खळीचं. आबा कुंचा मारायचे आणि मी कुठलं कुणासाठी ते बोलायचो. अर्थशास्त्राचा अभ्यास पहिल्यांदाच असा हाताला चिकटला.

"आता गणूचा शब्द कुटपतोर हाय?" आबांनी विचारलं.

मी आठवायला लागलो. मामांना काय कळत नाही, असं ते कधी काय म्हणाले? आई चुलीपुढं होती. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दादाच्या शब्दाला बांदच न्हाई. त्यो पार समुद्रापतोर जातोय."

पण हसून भागणार नव्हतं. मामांचा शब्द मोडायचा, तर ते त्यांना सांगणं आलं. आबांना ते जमणारं नव्हतं. माझं ऐकून मामा माझ्या शिक्षणाला दोष देऊन मोकळे झाले असते. शेवटी आईच म्हणाली, "मी सांगते. नारळ मीच दिला हुता."

म्हसवडच्या यात्रेतला गुलाल डोळे मिटले की अजून दिसतो. रथ निघाला, की माणगंगेच्या वाळूपर्यंत सगळं गुलाबी व्हायचं. माणसं, बैलांची शिंगं, दुकानांवरची पालं, आमची घोंगडीसुद्धा. पहाटेच्या थंडीत धनगर येऊन घोंगड्यांच्या ओळीतून फिरायचे. बोलायचे कमी. घोंगडं नाकाला लावायचं, बोटात चुरडायचं, पुढं जायचं. आमच्या समोरच कराडच्या व्यापाऱ्यानं पलटणीच्या ब्लँकेटांचा ढीग लावला होता.

आईनं आधी मामांचं पाल गाठलं. मी मागं उभा होतो.

"दादा, तुजा शब्द आमी ठिवला न्हाई. खळ वाडवली न्हाई."

मामांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यो शिकला, म्हंजे घर शिकलं म्हन की."

"व्हय," आई म्हणाली. "थोडं शिकलं."

मामा वळून बसले. यात्राभर त्यांनी आमच्या हातचा चहा घेतला नाही. आई रोज सकाळी कप नेऊन त्यांच्यापुढं ठेवायची आणि निवलेला परत आणायची. त्यांची घोंगडी दाराच्या फळ्यांसारखी उभी होती आणि तीही खपली, हे सांगायला हवं. तसल्याच घोंगड्याची सवय असलेली म्हातारी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे दरसाल यायची. मामा त्यांच्यापुरते खरे होते. तेवढं एकदा म्हणाले असते, तर मी त्यांचं आणखी पुष्कळ ऐकलं असतं.

रथाच्या दिवशी आटपाडीकडचा एक धनगर आमच्यासमोर थांबला. नामाला म्हणाला, "धर की जरा." नामानं आणि मी घोंगड्याचे चार कोपरे धरले. त्यानं शेजाऱ्याचा तांब्या उचलला आणि मधल्या झोळात पाणी ओतलं. पाणी थरथरत तसंच राहिलं. मग तो समोर गेला आणि व्यापाऱ्याला काही न विचारता त्यानं त्याच्या ब्लँकेटवर उरलेलं पाणी ओतलं. ते लगेच आत मुरलं. व्यापारी ओरडला. धनगर म्हणाला, "मऊ हाय गड्या, लय मऊ हाय. पर आमची मेंढरं घरात निजत न्हाईत." आणि आमच्याकडे येऊन त्यानं स्वतःसाठी आणि भावांसाठी माल निवडला.

सगळा माल गेला असं मी म्हणणार नाही. बराच गेला. मागल्या यात्रेपेक्षा जास्त गेला, कारण माग रिकामे बसले नव्हते आणि न्यायलाच जास्त होता. पलटणीची ब्लँकेटंही गेली. पुढच्या वर्षीही ती येणार होती. आमचं सगळं बदललं, असं काही झालं नाही.

दाजी यात्रेला आले होते. नामाला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, काय ठरलं? नामा म्हणाला, सांगतो. त्याला माल उठला म्हणावं की नाही, हेच कळत नव्हतं. ते आम्हा कुणालाच कळत नव्हतं.

परतीला गाडीत आम्ही चौघं. नामा कासरा धरून पुढं. आबा त्याच्या शेजारी, खांद्याला फडकं बांधून. मागं उरलेल्या घोंगड्यांवर आई आणि मी. ऊन कलायला लागलं होतं पण अंगाला बरं वाटत होतं. सगळ्यांच्या कानांत, भुवयांत गुलाल होता. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. नदीची वाळू ओलांडून गाडी वर चढली आणि नामा पुढं बघतच म्हणाला,

"आबा, मी काय करू? जाऊ का ऱ्हाऊ?"

आईनं माझं मनगट धरलं. नामानं आबांना जन्मात काही विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे काय, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. आबांनी नुसतं 'ऱ्हा' म्हटलं असतं, तर तो राहिला असता. एका शब्दाचं काम होतं. दोन्ही माग, आबांचा खांदा, आईचा जीव, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. मी मनात तो शब्द म्हणूनसुद्धा टाकला.

आबांनी खांद्याचं फडकं घट्ट केलं.

"मला मागाचं कळतंय," ते म्हणाले. "तुज्या जल्माचं मला न्हाई कळत. मागाचं इचार, सांगतो."

गाडी एका ओढ्यात उतरली, चढली. पलीकडच्या माळावर कुणाची तरी मेंढरं चरत होती. नामानं एकदा त्या मेंढरांकडे मान वळवून बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"बरं," तो म्हणाला. "मंग मागाचंच सांगा. त्या कोकराच्या लोकरीचा ताना लावायचा, तर खळ किती पातळ धरायची?"

आबांनी खांद्यावरचं फडकं सोडलं, मांडीवर ठेवलं, आणि दोन्ही हात मोकळे करून सांगायला सुरुवात केली. घर येईपर्यंत ते सांगत होते.